पिशवी सहाशे ग्रॅमनं हलकी

धान्याच्या मोंढ्यात मी सत्तावीस वर्षं मापाडी होतो. पोत्याला हात लावला की आत माल किती आणि मालकाच्या मनात किती, दोन्ही कळायचं. गुडघे गेल्यावर ते काम सोडलं. घरी बसून सुनेच्या भाजीतलं मीठ मोजायला लागलो, तेव्हा फकरुभाई मला पट्टीवर घेऊन आला.

फकरुभाई म्हणजे फकरोद्दीन. जुन्या जालन्यात आमच्या गल्लीतच वाढला. तरुणपणी पुण्याला जाऊन ग्लायडर शिकला, पुढं तिथंच दुसऱ्यांना शिकवायला लागला. साठीला आल्यावर चार जणांच्या मदतीनं एक जुनं मोटर ग्लायडर घेऊन तो परत आला. शहराबाहेर माळावर साधी पट्टी आहे, तिथं ते उभं असतं. दोन माणसांचं विमान, पंख मात्र बघत राहावं इतके लांब. पुढं छोटं इंजिन आणि त्याचा पंखा. इंजिनावर वर जायचं, मंग ते बंद करायचं आणि घारीसारखं गोल गोल तरंगत राहायचं. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवा उठते, ती ह्याला उचलून धरते.

दर रविवारी सकाळी नव्या लोकांना बोलवायचं, ही फकरुभाईची पद्धत. यावं, बसावं, हात लावून बघावं, वाटेल ते विचारावं. शेडच्या भिंतीवर त्यानं स्वतः रंगानं लिहिलं होतं : ‘कोणताही प्रश्न विचारा. कुणी हसणार नाही.’

माझं काम दोन प्रकारचं. आलेल्याला काट्यावर उभं करायचं, कारण दोन माणसांचं वजन बघून पेट्रोल किती घ्यायचं ते ठरतं. आणि जमिनीवर उभ्या विमानात बसवून त्याच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. नाव, गाव, वजन, प्रश्न, असे चार रकाने मी वहीत आखले होते. तीन वर्षांत त्या वहीनं मला माणसं जेवढी दाखवली तेवढी मोंढ्यानं दाखवली न्हाईत.

पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देतं?’ असा आला की समजायचं, हा गडी बायकोला सांगून आलेला न्हाई. ‘हॉर्न कुठाय?’ विचारणारा ऑटो चालवतो. ‘इंजिन बंद पडलं तर?’ हा प्रश्न सगळ्यांच्या पोटात असतो, पण तो विचारायला सरासरी अकरा मिनिटं लागतात. त्याआधी तो माणूस काचेचं झाकण, कंपासची सुई, सीटचा रंग असं सगळं विचारून घेतो. मी सांगायचो : मधली काठी मागं ओढली की नाक वर, पुढं ढकलली की खाली. पायातले पेडल नाक डावी-उजवीकडं फिरवायला. डाव्या हाताला निळा दांडा, तो ओढला की पंखावर पट्ट्या उभ्या राहतात आणि विमान उतरायला लागतं. लाल दांड्याला हात लावायचा न्हाई, लावला तर काच उडून जाईल आणि फकरुभाई मला उडवील.

लोक हसायचे. कुणी हसणार नाही असं भिंतीवर लिहिलेलं होतं खरं, पण ते मी माझ्यापुरतं वेगळं वाचायचो. विचारणाऱ्यावर थोडं हसलं की बाकीचे खुलतात, असा माझा हिशोब.

अजून एक माझी पद्धत होती. दोन्ही सीटांच्या मागं सामान ठेवायला एक फळी आहे. फळीच्या मधोमध हातभर लांबीचं पत्र्याचं झाकण. ते उघडलं की खाली एक सळई दिसते, ती थेट शेपटापर्यंत जाते. मी झाकण काढून ठेवायचो आणि सांगायचो, ‘आता काठी ओढा आणि मागं वळून बघा.’ काठी ओढली की मागं सळई सरकायची. लोकांचे डोळे मोठे व्हायचे. ते बघितलं की माणसाला सगळं कळतं, शंभर शब्द वाचतात. उड्डाणाआधी झाकण परत बसवायचं. दोनच पेच. आणि चढण्यापूर्वी फकरुभाई मला विचारायचा, ‘झाकण?’ मी म्हणायचो, ‘बसवलं.’

त्या रविवारी, जानेवारीत, अकरा जण आल्ते. त्यात एक मायलेक. मुलगी आकांक्षा, तेवीस वर्षांची, जालन्यात बियाण्याच्या कंपनीत प्रयोगशाळेत कामाला. आई चतुराबाई, कुंभार पिंपळगावहून पहाटेच्या एसटीनं लेकीसाठी आलेली. पन्नाशीची बाई, हातात कापडी पिशवी, पिशवी छातीशी धरलेली.

आकांक्षानं विचारलं, “काका, इंजिन बंद केल्यावर आत आवाज कसला येतो?”

तीन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. फकरुभाई बाजूला हातपाय धूत होता, तो तसाच ओल्या हातानं आला. “ही पहिली जाईल,” म्हणाला. “हिला सांगायचं न्हाई, ऐकवायचं.”

झालं, आईचा चेहरा उतरला. मंग तिचे प्रश्न सुरू झाले.

“भाऊ, हे वर थांबतं का?”

“थांबत न्हाई. थांबलं तर खाली येतं.”

“खाली म्हंजी कुठं?”

“तुमच्याच कापसात.”

लोक हसले. ती हसली न्हाई. पिशवीत हात घालून म्हणाली, “काल जांबला जाऊन आल्ते. रामरायाच्या पायाला लावून नारळ आणलाय. पुढं फोडू का?”

“कशावर? ह्या पंख्यावर? नारळाच्या आधी तोच तुम्हाला फोडंल.”

पुन्हा हशा. एका पोरानं मोबाइल काढला.

“बरं, मंग आत ठेवला तर? लेकराच्या जवळ?”

आता इथं उत्तर सरळ होतं. विमानात सुटी वस्तू न्यायची न्हाई. लोळली, कुठं अडकली, तर जीव जाईल. वीस शब्दांचं काम होतं. पण समोर दहा माणसं तोंड उघडी करून उभी होती. मी पिशवी तिच्या हातातून घेतली, छोट्या काट्यावर ठेवली आणि मोठ्यानं वाचलं, “दोन किलो नऊशे. नाव चतुराबाईंची पिशवी, गाव कुंभार पिंपळगाव. पिशवीला काय विचारायचंय का?” आणि खरोखर वहीत लिहिलं.

हशा असा झाला की शेडवरचे पारवे उडाले. आकांक्षा हळूच म्हणाली, “काका, आईला नीट सांगा ना.”

“सांगतो की,” मी म्हणालो. आणि दुसऱ्या माणसाकडं वळलो.

त्यानंतर तिनं एकही प्रश्न विचारला न्हाई. मी मनात म्हणालो, समाधान झालं बाईचं. थोड्या वेळानं ती विमानात बसून बघून आली. लेकीच्या सीटवर बसली, मागं वाकून काहीतरी बघत होती. तेव्हा मी मंठ्याच्या दोघा भावांना ॲव्हरेज सांगत होतो.

मंग फकरुभाई आला. काठी चारी बाजूंना फिरवून बघितली, पेडल दाबून बघितले. आकांक्षाचा पट्टा आवळला. मला विचारलं, “झाकण?”

“बसवलं.”

काच बंद झाली. इंजिन फुरफुरलं. विमान पट्टीवरून धावलं, उचललं आणि उसाच्या फडावरून वळून वर गेलं. चतुराबाई दोन्ही हात जोडून उभी होती. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मी टेबलापाशी येऊन बसलो. वारा सुटला होता, पण वहीची पानं उडत नव्हती. का उडत न्हाईत म्हणून बघितलं, तर वहीवर काहीतरी ठेवलेलं होतं. हातभर लांबीचा पत्रा. बाजूला दोन पेच.

मी त्या पत्र्यावर हात पालथा ठेवला. लपवायलाच ठेवला, हे कबूल करतो. शेजारी इजहार उभा होता, आमचा मिस्त्री, हातात बोलायचं यंत्र घेऊन. तो वर बघून राह्यला होता, त्याचं लक्ष नव्हतं.

मी स्वतःला समजावलं. झाकण न्हाई म्हणजे काय? नुसतं उघडं भोक. त्यात पडायला काहीतरी पाहिजे ना? फळी रिकामी आहे. वर जातील, उतरतील, मी गुपचूप पेच बसवीन. पंधरा मिनिटांचा प्रश्न.

तेवढ्यात चतुराबाई आली. “भाऊ, जरा धरा, पाणी पिते,” म्हणून पिशवी माझ्या हातात देऊन माठाकडं गेली.

माझा हात पिशवीसकट थोडा वर गेला. जास्त वजनाच्या तयारीनं घेतलेली वस्तू हलकी निघाली की जातो तसा. मोंढ्यात सत्तावीस वर्षं ह्या हातानं चोऱ्या पकडल्या. मी पिशवी काट्यावर ठेवली.

दोन किलो तीनशे.

आत बघितलं. धपाट्यांचा डबा, शाल, पाण्याची बाटली, एक नारळ. सकाळी काट्यावर ठेवताना पिशवीच्या कापडातून दोन गोल दिसले होते.

मी इजहारला हाक मारली, त्यानं वळून बघितलं न्हाई. दुसऱ्यांदा मारली. पत्र्यावरचा हात उचलला आणि बोट दाखवलं. मंग पिशवी दाखवली.

इजहार शहाणा माणूस, सकाळची नारळाची टवाळी त्यानंही ऐकली होती. एवढं बघितल्यावर त्यानं काही विचारलं न्हाई. “वर काही होणार न्हाई,” तो हळू आवाजात म्हणाला. “काठी वर थोडी थोडीच हलते. खाली येताना होईल. टेकवताना काठी पुरी मागं घ्यावी लागते. त्या सळईत नारळ अडकला आणि काठी अर्ध्यात थांबली, तर नाक उचलणार न्हाई. नाकावर जातील, रामराव.”

“पेट्रोल?”

“तूच मोजलं ना.”

मीच मोजलं होतं. दोघांचं वजन बघून चाळीस मिनिटांचं. त्यातली नऊ गेली होती.

इजहारनं ते यंत्र माझ्यापुढं धरलं. “तू सांग.”

“तू सांग ना, तुला नीट जमंल.”

“झाकण माझ्या हातात न्हाई, तुझ्या हातात आहे.”

लोक जवळ सरकले होते. चतुराबाई हातात पाण्याचा पेला घेऊन थांबली होती. मी बटण दाबलं. सत्तर माणसांसमोर लिलावात बोललेला माझा आवाज, तो बारीक पोरासारखा निघाला. “फकरुभाई, झाकण बसवलेलं न्हाई. ते माझ्या टेबलावर आहे. मी न बघता हो म्हणालो. आणि मागं बहुतेक नारळ आहे.”

वरून खरखर. त्यांचं इंजिन बंद होतं, त्यामुळं मागं वाऱ्याचा नुसता सूं असा आवाज. आकांक्षाला हवा होता तोच.

फकरुभाई ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, “कुठं? कोणत्या बाजूला? अंदाजानं हात घालायला सांगू शकत न्हाई मी. धक्का लागून तो आत गेला तर संपलं. विचारून सांग. मी इंजिन चालू करतो.”

मी चतुराबाईकडं वळलो. “कुठं ठेवला?”

“काय?”

“नारळ!”

“म्या काही न्हाई ठेवलं.”

“पिशवी सहाशे ग्रॅमनं हलकी आहे, बाई! मला शिकवू नका!”

“म्या काही न्हाई ठेवलं,” ती पुन्हा म्हणाली आणि पदर तोंडाशी नेला. मी ओरडलो. मंठ्याचा थोरला भाऊ ओरडला. मोबाइलवालं पोरगं ‘मावशी, बोला ना’ म्हणून मागं लागलं. जितके आवाज चढले तितकी ती मिटत गेली. तिचे डोळे वर आभाळात त्या पांढऱ्या रेघेवर होते, आणि त्या डोळ्यांत भीती माझ्याहून कमी नव्हती. जास्तच होती. मला ते कोडं उलगडेना. पोरगी हिचीच, जीव तिचाच, आणि ही बोलत का न्हाई?

तेरा मिनिटं झाली होती.

मी सगळ्यांना मागं जायला सांगितलं आणि तिच्यापुढं खाली बसलो. गुडघे बोंबलले. खाली बसलं की माणूस विचारणारा होतो. तीन वर्षं मी तिथं फक्त सांगणारा होतो.

“माय,” मी म्हणालो, “सकाळी तुम्ही बराबर विचारलं होतं. मी टवाळी केली. झाकण मी विसरलो, हे पण तुम्ही ऐकलं. मला लई भीती वाटून राह्यली आहे. तुम्हाला कशाची वाटून राह्यली, तेवढं सांगा.”

तिनं वर एकदा बघितलं. मंग ओठ न हलवता म्हणाली, “बोललं की मोडतंय.”

“काय मोडतंय?”

“बोलायचं नसतंय. लेकरू खाली टेकंपर्यंत कुणाला सांगायचं न्हाई, असं देवापुढं बोलून आलेय. म्या सांगितलं अन् तिला काही झालं, मंग?”

म्हणजे असं होतं. मी तिला तोंड उघड म्हणत होतो पोरगी वाचावी म्हणून, आणि ती तोंड मिटून होती पोरगी वाचावी म्हणूनच. एकाच पोरीसाठी आम्ही दोघं उलट्या दिशेला ओढत होतो. नवस खोटा म्हणून सांगत बसायला माझ्याजवळ वेळ नव्हता, आणि तो अधिकार तर सकाळीच गेल्ता.

वरून फकरुभाईचा आवाज आला. “हवा तापायला लागली. धक्के बसून राह्यले. जल्दी.”

मी उठलो. शेडमधल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढून शेजारी-शेजारी लावल्या. मागं टेबलाजवळचं बाक आडवं टाकलं. बाकाच्या मधोमध खडूनं हातभर लांब चौकट काढली. पिशवीतला उरलेला नारळ काढून तिच्यापुढं धरला.

“बोलू नका,” मी म्हणालो. “एक शब्द न्हाई. ही लेकीची खुर्ची, ही फकरुभाईची. ही मागची फळी. नुसता ठेवून दाखवा.”

तिनं माझ्याकडं बघितलं. खुर्च्यांकडं बघितलं. ह्यात नवस मोडतो का न्हाई, ते ती आत कुठंतरी तपासत होती. आम्ही सगळे त्या तपासणीपुढं गप्प उभे होतो. मंग तिनं नारळ घेतला.

आधी कमरेचा दुसरा रुमाल काढला. त्याला पीळ दिला, गोल वेटोळं केलं. डोक्यावर घागर ठेवायला करतात तशी चुंबळ. मला जरा हायसं वाटलं. चुंबळीत ठेवलाय म्हणजे लोळणार न्हाई. ती लेकीच्या खुर्चीमागं वाकली. चुंबळ खुर्चीमागं ठेवली न्हाई. हात मधे नेला आणि खडूच्या चौकटीच्या आत ठेवली. तिच्यावर नारळ आडवा, शेंडी लेकीकडं.

इजहार म्हणाला, “या अल्ला.”

तिनं ते उघडं भोक बघितलं होतं. भिंतीत देवळी असते तशी ती जागा तिला वाटली. नारळ ठेवायलाच केलेली. आणि का वाटू नये? झाकण मीच काढलं होतं, आत बघा म्हणून मीच सांगत होतो. नारळ भोकात पडण्याची भीती मी बाळगून बसलो होतो. तो पहिल्यापासून भोकातच होता, सळईच्या शेजारी.

जमिनीवर फकरुभाईनं काठी फिरवली तेव्हा अडलं नव्हतं. म्हणजे तेव्हा तो बाजूला होता. आता कुठं होता?

इजहारनं वर सगळं सांगितलं. फकरुभाईनं काठी जागच्या जागी धरून ठेवली. आकांक्षाला म्हणाला, पट्टा सोड, मागं वळ, मधल्या भोकात हात घाल, सळईला ढकलू नको. त्यानं बोलायचं बटण दाबून धरलं होतं. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. पोरीचा श्वास ऐकू येत होता.

“रुमाल लागला हाताला,” ती म्हणाली.

“नारळ?”

“रुमालच आहे. नारळ न्हाई.”

मी टेबलाची कड धरली.

“थांब, हात काढ,” फकरुभाई म्हणाला. आम्ही वर बघितलं. विमानाचं नाक थोडं उचललं आणि थांबलं. “इजहार, काठी मागं पाऊणच येते. त्याहून जास्त येत न्हाई. नारळ मागच्या बाजूला गेलाय.”

“काका, हात पोचत न्हाई तिथं.” आता आकांक्षाचा आवाज रडका झाला होता. “बोटं लागून राह्यली, पण गोल आहे, पकडता येत न्हाई. अजून आत चाललाय.”

“ढकलू नको! सोड!”

वरून नुसती इंजिनाची घरघर. इंजिन बंद होतं तो वेळ वगळून चोवीस मिनिटं झाली होती. चाळीसमधून चोवीस गेले की सोळा, हे कुणालाही येतं. मी ते तीनदा केलं, दरवेळी सोळाच आले.

माझ्या शेजारून कुणीतरी झडप घातली. चतुराबाईनं इजहारच्या हातातून ते यंत्र ओढून घेतलं होतं. बटण कुठं दाबायचं ते तिला ठाऊक नव्हतं, तिनं ते सगळंच मुठीत आवळलं. इजहारनं तिच्या मुठीवर हात ठेवून बटण दाबलं.

“आकी!” ती ओरडली. यंत्राची गरज पडली नसती, इतक्या मोठ्यानं. “आकी, नाडा! शेंडीला म्या नाडा बांधलाय! लाल नाडा! त्याचं दुसरं टोक तुझ्या बसायच्या दांडीला गाठ मारून बांधलंय, मागून. उजव्या हाताला. नाडा धर अन् वढ. हळू वढ, विहिरीतनं कळशी काढतो तशी. हिसका देऊ नको माय!”

एवढं बोलून तिनं यंत्र सोडून दिलं, जणू हाताला चटका बसला. दोन्ही हात तोंडावर दाबले. बोलून बसली होती.

वर काही ऐकू येईना. विमान ऊस ओलांडून परत आमच्या डोक्यावर आलं. मी मोजायचं सोडलं. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा.

“सापडला नाडा,” आकांक्षा म्हणाली.

मंग : “येतोय.”

मंग : “अडकला.”

“सैल सोड. थोडा सोड, परत ओढ,” फकरुभाई. “मी काठी बोटभर पुढं नेतो. आता ओढ.”

खरखर. एक ठक असा आवाज.

“आला. आला काका. माझ्या हातात आहे.”

कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. मोबाइलवाल्या पोराचा मोबाइल कधीच खाली गेल्ता. फकरुभाईनं वरच तीन वेळा काठी पुरी मागं घेऊन बघितली. तीन वेळा नाक उचललं. मंग तो वळला, पंखांवरच्या पट्ट्या उभ्या राहिल्या आणि विमान खाली यायला लागलं. त्या उतरण्यात मी काय बघितलं ते मला सांगता येणार न्हाई. माझे डोळे मिटलेले होते. चाकं टेकल्याचा आवाज आला तेव्हा उघडले.

आकांक्षा उतरली. नारळ ओटीत धरल्यासारखा पोटाशी होता. शेंडीला लाल नाडा, आणि करवंटीवर एका बाजूला वंगणाचा काळा पट्टा, खरवडून उठलेला. ती आईकडं चालत गेली. पळाली न्हाई.

फकरुभाई माझ्याकडं आला. मला वाटलं मारील. मारावं असं वाटत होतं. त्याची दाढी घामानं चिकटली होती. त्यानं टेबलावरचा पत्रा उचलला, उलटा-सुलटा बघितला.

“रामराव,” म्हणाला, “आजचं झालं ते झालं. मला एवढंच सांग. ह्याच्याआधी किती वेळा न बघता हो म्हणालास?”

मी तोंड उघडलं. तीन वर्षं, वर्षाचे रविवार, पावसाळ्याचे वगळून, सुरुवातीच्या महिन्यांत तर मी नक्की बघायचो. मी एक-एक रविवार आठवायला लागलो. पेच फिरवल्याचा हात आठवेना, ‘बसवलं’ म्हणणारं तोंड तेवढं आठवायचं. किती लोकांची पोरं मी असं वर पाठवली होती? हे नारळ कळला तेव्हाच्याहून वाईट होतं.

“माहीत न्हाई,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि लोकांना सांगितलं, आज बंद. कुणी का म्हणून विचारलं न्हाई.

चतुराबाई त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसली होती. आकांक्षा तिच्या मांडीवर नारळ ठेवत होती, आणि ती तो हातात घेत नव्हती. पोरगी समोर धड उभी होती तरी आई तिच्याकडं नीट बघत नव्हती. मी जवळ गेलो तशी तिनं मान वर केली.

“भाऊ, चाकं टेकायच्या आधी म्या बोलले,” ती म्हणाली. “मंग आता ते मोडलं का? का पुढं कधी येईल?”

आजूबाजूला माणसं होती. कुणी हसलं न्हाई. मी दुसऱ्या खुर्चीवर बसलो.

“मला माहीत न्हाई, माय.”

“मंग कुणाला माहीत हाय?”

मी विमानाकडं बघितलं. फकरुभाई काच वर करून आत वाकला होता. पत्रा काखेत, एक हात त्या भोकात घालून दुसऱ्या हातानं तो काठी मागं-पुढं, मागं-पुढं करत होता. इजहारनं त्याला हाक मारली. तो थांबला न्हाई.